लेखणीवर चालवलेला संसार

अभ्यासपाठ : मार्गारेट ऑलिफंट (१८२८–१८९७)

(हा पाठ गटाच्या बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकींत वाचला तरी चालेल. शेवटी चर्चेसाठी प्रश्न दिले आहेत.)



या वेळचा पाठ एका लेखिकेवर आहे. लेखिका, आणि तीही दीडशे वर्षांपूर्वीची, स्कॉटलंड-इंग्लंडमधली. तुम्ही म्हणाल, तिचं आणि आपलं काय नातं? पण तिची गोष्ट ऐकायला लागलात की कर्ज, उचल, विमा, आजारपण, भावाचा बुडालेला संसार, मुलांची फी असे सगळे ओळखीचे शब्द भेटतील. ही बाई ऐन तिशीत विधवा झाली. डोक्यावर कर्ज होतं आणि पदरात तीन लेकरं. तिने पुढची जवळजवळ चाळीस वर्षं फक्त लिहून घर चालवलं, स्वतःचं आणि भावांचंही. आज इंग्लंडमध्येसुद्धा तिचं नाव फार थोड्यांना माहीत आहे. पण तिने काय कमावलं, काय गमावलं आणि तिचा हिशोब कुठे चुकला, हे आपण समजून घेण्यासारखं आहे.

टेबलाचा कोपरा

मार्गारेटचा जन्म ४ एप्रिल १८२८ रोजी स्कॉटलंडमध्ये एडिंबरा शहराजवळच्या वॉलिफर्ड गावात झाला. वडील कारकून होते. नोकरीपायी बिऱ्हाड ग्लासगोला गेलं, मग इंग्लंडमधल्या लिव्हरपूलला. घरात खरी चालती-बोलती आईच. मार्गारेटचं शिक्षण घरीच झालं आणि ते आईने केलं. ती सोळा-सतरा वर्षांची असताना आई आजारी पडली. आईच्या उशाशी बसून राहायचं, तिला काही हवं-नको बघायचं, मधल्या वेळात करायचं काय? म्हणून तिने कागद पुढे ओढला आणि गोष्ट लिहायला लागली.

तिला लिहायला वेगळी खोली नव्हती. स्वतःचं टेबलही नव्हतं. घरच्या मोठ्या टेबलाच्या एका कोपऱ्यात बसायचं आणि लिहायचं. आजूबाजूला घरातली माणसं बोलत असायची, आई शिवण घेऊन बसलेली असायची. कुणी आलं-गेलं की मार्गारेट लेखणी खाली ठेवून बोलायची आणि ते गेले की पुन्हा लिहायला लागायची. घरच्यांना वाटायचं, एखादी मुलगी सदरा शिवत बसावी तशीच ही लिहीत बसली आहे. पुढे नामवंत झाल्यावरही तिची पद्धत फारशी बदलली नाही. दिवसा घर आणि रात्री सगळे झोपले की लिखाण.

१८४९ साली, एकवीस वर्षांची असताना, तिची पहिली कादंबरी लंडनमध्ये छापली गेली. गोष्ट सांगणारी होती एक वयस्कर, अविवाहित स्कॉटिश बाई. प्रकाशकाने तिला १५० पौंड दिले. त्या काळी इंग्लंडमध्ये घरकाम करणाऱ्या मोलकरणीला वर्षाचे साधारण १० ते २० पौंड आणि राहणं-जेवणं मिळायचं. यावरून १५० पौंड म्हणजे किती, हे लक्षात येईल.

लग्न आणि कारखाना

१८५२ साली तिचं लग्न नात्यातल्याच फ्रँक ऑलिफंटशी झालं. फ्रँक रंगीत काचांचा कारागीर होता. चर्चच्या मोठ्या खिडक्यांवर रंगीत काचांची चित्रं असतात, ती तो करायचा. लंडनच्या संसद भवनाच्या खिडक्यांवरही त्याने काम केलं होतं. लग्नानंतर त्याने लंडनमध्ये स्वतःचा छोटा कारखाना काढला, कामाला माणसं ठेवली. हातात कला होती, पण धंद्यात पैसा कधी यायचा तर कधी अडकायचा. घराला नेमाने पैसा यायचा तो मार्गारेटच्या लिखाणातून. एडिंबराच्या ब्लॅकवुड नावाच्या मासिकासाठी ती लिहू लागली होती. हे नातं मरेपर्यंत टिकलं.

तिला सहा मुलं झाली. त्यांतली तीन तान्हेपणीच गेली. घरात बाळाचं दुखणं असताना किंवा बाळाचं दुःख असतानाही लिखाण थांबवणं तिला परवडत नव्हतं.

रोममधलं वर्ष

फ्रँकला क्षय झाला. त्या काळी क्षयावर औषध नव्हतं. पैसेवाले लोक उबदार हवेच्या देशात जाऊन राहत. म्हणून जानेवारी १८५९ मध्ये हे कुटुंब इटलीला निघालं. बरोबर दोन लहान मुलं होती.

इथे एक गोष्ट नीट ऐका. लंडनच्या डॉक्टरांनी फ्रँकला सांगितलं होतं की आता आशा नाही. फ्रँकने ते बायकोला सांगितलं नाही. तिला त्रास होऊ नये म्हणून असेल, स्वतःलाच मान्य करवत नसेल म्हणून असेल. ती मात्र नवरा बरा होईल या आशेवर परक्या देशात थंडीत घर मांडत होती, त्याची सेवा करत होती आणि खर्चासाठी मासिकाला लेख लिहून पाठवत होती. खरं काय ते तिला फार उशिरा कळलं. आपल्यापासून हे लपवलं, याची बोच तिच्या मनातून गेली नाही. तिने आत्मचरित्रात ती लिहूनही ठेवली आहे.

ऑक्टोबर १८५९ मध्ये रोम शहरात फ्रँक वारला. त्या वेळी ती गरोदर होती. डिसेंबरमध्ये तिथेच मुलगा झाला. त्याचं नाव फ्रान्सिस, लाडाने चेको. आता पदरात तिघं होती : मोठी मॅगी, मधला सिरिल आणि हा तान्हा.

ती मायदेशी परतली तेव्हा तिने आपली शिल्लक मोजली. कर्ज सुमारे १००० पौंड. फ्रँकच्या नावावरचा विमा साधारण २०० पौंडांचा. गोदामात ठेवलेलं घरसामान. आणि स्वतःचं डोकं व हात. नव्याने संसार सुरू करायला एवढंच भांडवल.

नकाराचा दिवस

१८६०–६१ चा हिवाळा तिने एडिंबरामध्ये काढला. लिहीत होती, पण लेखांमागून लेख परत येत होते. शेवटी ती स्वतः उठली आणि ब्लॅकवुड बंधूंच्या कचेरीत गेली. मासिकात क्रमशः छापण्यासाठी एक कादंबरी लिहून देते, असं तिने सांगितलं. ते दोघे भाऊ बोलायला चांगले होते, पण त्यांनी मान हलवली. नको म्हणाले.

ती घरी आली. मुलं वाट बघत होती. ती त्यांच्याशी खेळली, हसली, त्यांना जेवू-खाऊ घातलं. मुलांना कळूही दिलं नाही की आज काय घडलं. मुलं झोपल्यावर ती टेबलाशी बसली आणि रात्री उशिरापर्यंत लिहीत राहिली. त्या रात्री सुरू झालेली गोष्ट ब्लॅकवुडनेच मे १८६१ मध्ये छापली. त्यातूनच पुढे कार्लिंगफर्ड नावाच्या कल्पित गावाच्या कादंबऱ्यांची मालिका उभी राहिली. गावातलं चर्च, डॉक्टर, दुकानदार, लग्नं जुळवणाऱ्या बायका, कुणाचं कुणाशी पटतं आणि कुणाचं नाही, हे सगळं तिने इतकं खरं लिहिलं की वाचक पुढच्या भागाची वाट बघू लागले.

या मालिकेतल्या 'परपेच्युअल क्युरेट' या कादंबरीसाठी ब्लॅकवुडने तिला १५०० पौंड दिले. आकडा ऐकून त्या कचेरीतला जुना कर्मचारी घाबरला, एवढे पैसे कसे द्यायचे म्हणून मालकाला विनवू लागला, अशी आठवण तिने सांगितली आहे. तीन वर्षांपूर्वी ज्या कचेरीतून ती रिकाम्या हाताने परतली होती, तीच ही कचेरी.

पैसा आला, पण राहिला नाही

जानेवारी १८६४ मध्ये पुन्हा रोममध्येच मॅगी आजारी पडून वारली. दहा वर्षांची होती. या दुःखाबद्दल मार्गारेट आयुष्यभर लिहीत राहिली.

त्यानंतर ती दोन्ही मुलांना घेऊन विंडसर गावी राहायला गेली. जवळच ईटन ही इंग्लंडमधल्या श्रीमंतांची नामांकित शाळा होती. मुलं घरी राहून त्या शाळेत शिकतील, हा विचार. पुढे दोघांना ऑक्सफर्डलाही पाठवलं. राहणीमान, कपडे, पाहुणे, सहली, सगळं त्या शाळेतल्या इतर घरांच्या तोडीचं ठेवावं लागलं. १८६८ पासून सरकारकडून तिला वर्षाला १०० पौंड मानधन मिळू लागलं, पण खर्चापुढे ते कुठे पुरणार?

त्याच साली दुसरं संकट आलं. तिच्या भावाचं, फ्रँक विल्सनचं, आर्थिक दिवाळं निघालं. भाऊ आणि भावजय कामधंद्यासाठी परदेशी गेले आणि मोठा मुलगा मार्गारेटकडे राहिला. पुढे भावजय वारली. भाऊ खचून दोन लहान मुलींना घेऊन बहिणीच्या दारात आला, आणि १८७५ साली वारेपर्यंत तिच्याकडेच राहिला. दुसरा भाऊ विली, त्याला दारूचं व्यसन. त्याचाही खर्च तीच चालवत होती. म्हणजे एकच कमावता हात आणि खाणारी तोंडं किती, ते मोजा.

त्या वेळी तिने मनाशी एक निर्णय घेतला. सावकाश, वेळ घेऊन एखादी फार मोठी कादंबरी लिहावी, अशी तिची इच्छा होती. ती तिने बाजूला ठेवली. मुलांना वाढवणं हे त्याहून मोठं काम आहे असं ठरवलं, आणि जे पटकन छापलं जाईल, ज्याचे पैसे पटकन मिळतील ते लिहीत राहिली.

इथून तिच्या हिशोबाची खरी अडचण सुरू झाली. तिला प्रकाशकाकडून उचल घेण्याची सवय लागली. पुस्तक लिहिण्याआधीच पैसे घ्यायचे, ते फीमध्ये, घरभाड्यात, भावाच्या देण्यात जायचे, मग ते फेडायला पुस्तक लिहायचं. पुस्तक पूर्ण होईपर्यंत पुढची उचल घेतलेली असायची. उचलीवर काम करणारीला दर ठरवताना ताठ उभं राहता येत नाही. तिचं तसंच झालं. बहुतेक पुस्तकांचे हक्क एकरकमी विकल्यामुळे पुस्तक पुढे कितीही खपलं तरी तिला त्यातून वेगळं काही मिळालं नाही. त्याच काळातल्या अँथनी ट्रॉलप या पुरुष लेखकाने आपल्या कमाईचा चोख हिशोब ठेवला होता, तो प्रसिद्धही झाला. आपण त्याच्याइतकंच राबलो आणि मिळालं किती कमी, हे तिला लागलं.

नव्वदहून अधिक कादंबऱ्या, शिवाय चरित्रं, इतिहास, प्रवासाची पुस्तकं आणि मासिकांतले शेकडो लेख, एवढं काम तिने एका आयुष्यात केलं. राणी व्हिक्टोरिया तिच्या पुस्तकांची वाचक होती. तरीही घरात गंगाजळी अशी कधी साठलीच नाही.

बँक वाचवणारी कॅथरीन

आता तिच्या एका कादंबरीची गोष्ट. आपल्या वाचक मैत्रिणींना ही सगळ्यात जवळची वाटेल. कादंबरीचं नाव 'हेस्टर'. ती १८८३ साली आली.

एका गावात व्हर्नन घराण्याची खासगी बँक आहे. बँकेचा कर्ताधर्ता जॉन व्हर्नन. त्याने ऐट भारी केली आणि कारभार बिघडवला. गावात कुजबुज सुरू झाली. आता तुम्हाला ठाऊकच आहे, बँकेत लोकांनी ठेवलेला सगळा पैसा तिजोरीत पडून नसतो. तो कर्जाऊ दिलेला असतो. त्यामुळे एकाच दिवशी सगळे ठेवीदार पैसे मागायला आले तर चांगली बँकसुद्धा अडचणीत येते, मग बिघडलेलीची काय कथा! आणि जॉन तर गाव सोडून पळालेला.

बँकेचा जुना कारकून रात्री जॉनच्या घरी जातो. घरात जॉनची बायको आहे. तिला नवऱ्याच्या धंद्यातलं अक्षरही ठाऊक नाही. बँकेला पैसे हवेत एवढंच तिला समजतं आणि ती भोळेपणाने घरखर्चाची थोडीशी रोकड पुढे करते. कारकुनाला हसावं की रडावं कळत नाही. मग तो जातो कॅथरीन व्हर्ननकडे. कॅथरीन घराण्यातलीच, अविवाहित, स्वतःच्या नावावर संपत्ती असलेली. ती सगळं नीट ऐकते, समजून घेते आणि आपली संपत्ती बँकेच्या पाठीशी उभी करते. बँक वाचते. पुढे कितीतरी वर्षं तीच कारभार बघते आणि बँक पहिल्यापेक्षा मोठी होते.

दोन बायका, एकाच घराण्यातल्या. एकीला घरच्या धंद्याची माहिती दिलीच नव्हती, म्हणून ती संकटात लहान मुलासारखी ठरली. दुसरीकडे स्वतःचा पैसाही होता आणि समजही होती. लेखिकेने उपदेश केलेला नाही, फक्त दोघींना शेजारी उभं केलं आहे.

कादंबरी इथे संपत नाही. कॅथरीन म्हातारी झाल्यावर कारभार पुतण्यांच्या हाती देते. त्यांतला एडवर्ड तिचा फार लाडका. त्याच्यावर तिचा डोळे मिटून विश्वास. हा एडवर्ड बँकेच्या पैशावर गुपचूप शेअर बाजारात सट्टा खेळतो, बुडतो आणि पळून जातो. म्हातारी कॅथरीन पुन्हा उठून बँकेत येते, पुन्हा बँक वाचवते, पण मनाने मोडते आणि शेवटी जाते. जिने सगळ्या गावाचा हिशोब तपासला, तिने लाडक्याचं खातं तपासलं नाही.

हेस्टर ही त्या पळालेल्या जॉनची मुलगी. हुशार, तडफदार. तिला काम करायचं आहे, पण चांगल्या घरच्या मुलीने कमवायचं नाही, असा रिवाज. कॅथरीनची जागा घेण्याची ताकद असलेली ही एकच मुलगी घरात होती, आणि तिला कुणी बँकेची पायरीही चढू दिली नाही.

ही गोष्ट हवेतून आलेली नव्हती. हेस्टर येण्याच्या पाच वर्षं आधी, ऑक्टोबर १८७८ मध्ये, सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली होती. संचालकांनी खोटे ताळेबंद दाखवले होते. त्या बँकेच्या भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती, म्हणजे बँक बुडाल्यावर त्यांना घरचं विकून देणं भरावं लागलं. १८१९ भागधारकांपैकी फक्त २५४ जण दिवाळ्यातून वाचले. भागधारकांत विधवा आणि एकट्या राहणाऱ्या बायकाही होत्या. दोषी संचालकांना तुरुंगवास झाला, पण बुडालेल्यांचं बुडालंच.

शिवणकाम करणारी कर्स्टीन

१८९० साली आलेली 'कर्स्टीन' ही तिची आणखी एक कादंबरी. स्कॉटलंडच्या एका खानदानी पण खंक झालेल्या घरची मुलगी. बाप जुलमी. मनाविरुद्ध लग्न लावणार म्हणून ती घरातून निघते, लंडनला पोचते आणि एका शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दुकानात काम शिकते. हातात कसब येतं, गिऱ्हाईक वाढतं, ती दुकानाची मालकीण होते. घरचे मात्र तिचं नाव काढायला लाजतात. आपल्या घरची मुलगी शिंपीण! पण बापाला गेलेली वडिलोपार्जित जमीन परत मिळवायची असते तेव्हा पैसा लागतो तो याच मुलीचा. पैसा घेतात, पण मान द्यायला मागेपुढे बघतात. कर्स्टीन लग्न करत नाही, आपल्या कामात समाधानाने राहते. मार्गारेटने ही गोष्ट मनापासून लिहिली आहे, कारण पैसा घेणाऱ्यांची नजर कशी असते हे तिला घरातच दिसत होतं.

कायदा काय होता?

मार्गारेटचं लग्न झालं तेव्हा इंग्लंडचा कायदा असा होता की लग्नानंतर बाईची कमाई नवऱ्याच्या मालकीची. तिने पुस्तक लिहून मिळवलेला पैसाही कायद्याने त्याचाच. १८७० च्या कायद्याने विवाहित बाईला स्वतःची कमाई स्वतःकडे ठेवता येऊ लागली. १८८२ च्या कायद्याने स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पूर्ण हक्क मिळाला.

गंमत म्हणजे, १८५६ साली बायकांनी हा कायदा बदलण्याची मागणी केली तेव्हा मार्गारेटने त्या मागणीच्या विरोधात लेख लिहिला होता. नवरा-बायको एक असताना वेगळं काय करायचं, असा तिचा सूर होता. मग वैधव्य आलं, कर्ज आलं, भाऊ आले. १८८० साली तिने दुसरा लेख लिहिला तो 'बायकांची गाऱ्हाणी' या विषयावर. बाई कितीही राबली तरी तिच्या कामाला काम म्हणून धरत नाहीत, हे तिने त्यात ठासून मांडलं. स्वतःचं घर चालवणाऱ्या बाईला मत देण्याची इच्छा असली तरी मत नाही, हे तिला हास्यास्पद वाटत होतं. माणूस अनुभवाने बदलतं, आणि बदललेलं मत उघड लिहायला धैर्य लागतं.

या कायद्याचा एक धागा आपल्यापर्यंत येतो. १८७४ साली हिंदुस्थानातही 'विवाहित स्त्रियांचा मालमत्ता कायदा' झाला. त्यातली बहुतेक कलमं हिंदू, मुस्लिम, बौद्ध, शीख, जैन बायकांना लागू नव्हती. पण त्यातलं सहावं कलम, जे आयुर्विम्याबद्दल आहे, ते १९२३ च्या दुरुस्तीनंतर सगळ्यांना मिळालं आणि आजही लागू आहे. त्याचा अर्थ असा : विवाहित पुरुषाने स्वतःचा आयुर्विमा या कायद्याखाली बायकोच्या किंवा बायको-मुलांच्या लाभासाठी काढला, तर ती रक्कम त्यांचीच. नवऱ्याच्या कर्जापोटी सावकाराला किंवा बँकेला ती घेता येत नाही. मात्र कर्ज बुडवण्यासाठीच मुद्दाम विमा काढल्याचं सिद्ध झालं तर हे संरक्षण मिळत नाही. विम्याचा अर्ज भरतानाच या कायद्याची नोंद करून घ्यावी लागते. एजंट लोक याला 'एमडब्ल्यूपी पॉलिसी' म्हणतात. नुसतं वारसदार म्हणून बायकोचं नाव घालणं आणि ही नोंद करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लक्षात ठेवा.

तिने स्वतःला विचारलेला प्रश्न

ज्या मुलांसाठी एवढं केलं, त्यांचं काय झालं? दोघेही हुशार होते, पण स्वतःच्या पायावर नीट उभे राहिले नाहीत. भावाचा मुलगा इंजिनियर होऊन हिंदुस्थानात नोकरीला आला होता, तो १८७९ साली इथेच वारला. मोठा सिरिल १८९० मध्ये गेला, धाकटा चेको १८९४ मध्ये. मार्गारेटच्या डोळ्यांदेखत तिची सहाही मुलं गेली.

उतारवयात तिने आत्मचरित्र लिहिलं. मुलांनी वाचावं म्हणून लिहायला घेतलेलं, पण वाचायला मुलंच राहिली नाहीत. त्यात तिने स्वतःची बाजू रंगवून मांडली नाही. तिने विचारलं आहे की मी सगळं हसतमुखाने, सहज होत असल्यासारखं केलं, पैसा कुठून येतो आणि किती कष्टाने येतो याची झळ मुलांना लागूच दिली नाही, यात माझी चूक झाली का? आपल्या वेळची दुसरी लेखिका, जॉर्ज एलियट, तिला घरातून जपलं गेलं, तसं मला कुणी जपलं असतं तर माझ्या हातून याहून चांगलं लिखाण झालं असतं का? दोन्ही प्रश्नांचं उत्तर तिने दिलेलं नाही.

२५ जून १८९७ रोजी लंडनजवळ विंबल्डन इथे ती वारली. शेवटपर्यंत काम चालूच होतं. ज्या ब्लॅकवुडने तिला कधी नकार दिला, कधी उचल दिली, त्याच घराण्याचा इतिहास ती शेवटी लिहीत होती. आत्मचरित्र १८९९ साली, तिच्या पश्चात छापलं गेलं.

या पाठातून काय घ्यायचं?

मार्गारेट कष्टात कमी पडली नाही, हुशारीत तर नाहीच. एकटीच्या जिवावर तिने तीन घरं सावरली, हे तिचं मोठेपण. पण तिच्या आयुष्यात तीन गोष्टी राहून गेल्या. नवऱ्याची खरी परिस्थिती तिला वेळेवर कळली नाही. कमाईतला वाटा स्वतःच्या नावाने बाजूला पडला नाही. आणि घराचा हिशोब घरच्यांसमोर मांडला गेला नाही, त्यामुळे ओझं वाटूनही घेतलं गेलं नाही. आपल्याकडे दर बैठकीला बचत होते, कर्ज आणि परतफेड सगळ्यांसमोर वाचली जाते, इतिवृत्तात लिहिली जाते. त्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसलेल्या बाईला असं एकही माणूस नव्हतं जिच्यापुढे ती वही उघडून म्हणेल, बघ गं, एवढं देणं झालंय, काय करू?

आपल्याकडे गट आहे. पण गटात वाचली जाते ती गटाची वही. घरची वही आपल्यापैकी कितीजणींनी बघितली आहे?

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

१. घरावर आज एकूण किती कर्ज आहे, कुणाकडून घेतलं आहे आणि कागद कुठे ठेवले आहेत, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर विचारायला अडचण कुठे येते?

२. फ्रँकने आजार लपवला, तो बायकोच्या काळजीपोटी. अशी काळजी योग्य वाटते का? आपणही घरच्यांपासून कर्ज लपवतो का?

३. कॅथरीनने लाडक्या पुतण्याचं खातं तपासलं नाही. गटात मैत्रिणीची किंवा नातेवाईक बाईची नोंद तपासताना आपण संकोच करतो का?

४. मुलांच्या शिक्षणासाठी किती ताणायचं आणि त्यांना घरचा हिशोब कोणत्या वयात सांगायचा?

५. उचल घेऊन काम केल्यावर दर ठरवण्याची ताकद कशी कमी होते? तुमचा किंवा तुमच्या गावातला अनुभव सांगा.

घरी करायचा अभ्यास : पुढच्या बैठकीपूर्वी एका कागदावर मार्गारेटसारखीच चार ओळींची नोंद करा : देणं किती, विमा किती, वस्तू कोणत्या आणि हातात कसब कोणतं. कागद कुणाला दाखवायची सक्ती नाही. पण लिहून काढा, आणि घरात निदान एका माणसासमोर वाचा.